पंखे फिरतात, स्क्रीन काळी: जुना एक्सपीवाला कम्प्युटर पुन्हा पुन्हा अडतो तेव्हा

आधी लक्षणं.

- बटण दाबलं, पंखे फिरले, दिवा लागला, पण स्क्रीनवर काहीच नाही. मॉनिटरचा दिवा नारिंगी होऊन उघडझाप करतो.
- स्क्रीन काळी आणि आतून थांबून थांबून लांब बीप.
- चालू होतो, पण काळ्या स्क्रीनवर ‘सीमॉस चेकसम एरर’ दाखवून एफ-वन दाबायला सांगतो. विंडोज उघडल्यावर तारीख १ जानेवारी २००२, किंवा बोर्ड (मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी) तयार झाला त्या सुमाराची कुठलीतरी.
- विंडोजचा लोगो येतो, क्षणभर निळी स्क्रीन चमकते आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे चक्र थांबतच नाही.
- विंडोज नीट उघडतं, पण मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर ‘लॉक सापडत नाही’ म्हणून बंद होतं.
- बटण दाबून काहीच होत नाही.

ही सहा वेगळी दुखणी वाटतात. चिपळूणला डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कम्प्युटरवर पानं लावून देण्याचं, दुकान चालवताना मी ती इतक्या वेळा पाहिली आहेत की आता फोनवर ऐकूनच पहिला अंदाज येतो. गणपती झाले, पत्रिका आणि दिवाळीची कामं सुरू झाली की फोन येतात: “दादा, कम्प्युटर गेला. काल चालू होता.” बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. पावसाळाभर दमट हवेत बंद राहिलेला असतो, किंवा आतली एक छोटी बॅटरी संपलेली असते.

मी लिहितोय ते २००२ ते २००९ च्या दरम्यानच्या मशीनबद्दल. पेंटियम फोर, नंतरचे ड्युअल कोर, त्यावर विंडोज एक्सपी, पानं लावायचं पेजमेकर आणि मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेलं डोंगल, म्हणजे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची किल्ली (‘लॉक’), जी असेल तरच ते उघडतं. छोट्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत अशी मशीन अजून आहेत. नवीन कम्प्युटर शेजारच्या टेबलावर असतो, तरी जुना काढून टाकता येत नाही, कारण वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, शाळांची स्मरणिका, देवस्थानांच्या पावत्या, गावच्या साप्ताहिकाचे अंक त्यात आहेत. पेजमेकर ७ आलं २००१ साली आणि त्यापुढची आवृत्ती निघालीच नाही. एक्सपीसुद्धा त्याच वर्षीचं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. मला या मशीनचा लळा लागला आहे, कारण मी पोट भरायला शिकलो ते त्यांच्यावर. आणि चीडही येते, कारण आतलं सॉफ्टवेअर आजही पहिल्या दिवसासारखं काम करतं, पत्रिका दहा मिनिटांत लावून देतं, पण त्याला जगवणारे सुटे भाग, केबल, ड्रायव्हर एकेक करून बाजारातून नाहीसे झाले.

सगळ्यात आधी: फॉरमॅट मारू नका

मशीन अडलं की ‘फॉरमॅट मारा’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका, हा सल्ला कोणीतरी देतोच. नव्या मशीनवर तो चालून जाईल. इथे फॉरमॅट मारला की फॉन्ट जातात, स्कॅनरचा ड्रायव्हर जातो आणि ज्या सीडीवरून सॉफ्टवेअर टाकलं होतं ती सीडी आता वाचली जात नाही. वरच्या सहापैकी एकाही लक्षणावर फॉरमॅट हा उपाय नाही. विंडोजमध्येही बिघाड असू शकतो, पण तो सगळ्यात शेवटी तपासायचा.

वीज

यूपीएस बाजूला काढा आणि कम्प्युटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. मग ती दिवा दाखवते, पण भार आला की कोसळते. पॉवर कॉर्ड दुसरी लावून बघा. मॉनिटरची कॉर्ड बहुतेक तशीच असते, तीच अदलाबदल करा. याला एक पैसाही लागत नाही, आणि ‘काहीच होत नाही’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं.

काही एसएमपीएसच्या (कम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याच्या) मागे एक लाल सरकतं बटण असतं. त्यावर २३० दिसलंच पाहिजे. साफसफाई करताना कोणी ते ११५ वर सरकवलं आणि मशीन चालू केलं, तर आत मोठा आवाज होऊन एसएमपीएस जळतो. चालू करण्याआधी एकदा वाकून बघा.

मॉनिटर

मॉनिटर चालू ठेवून त्याची चित्र आणणारी व्हीजीए केबल कम्प्युटरच्या बाजूने काढा. ‘नो सिग्नल’ किंवा तसा संदेश आला तर मॉनिटर ठीक आहे. केबलच्या १५ पिनांपैकी एखादी वाकली आहे का ते पाहा. एखादी पिन मुळातच नसणं हे अनेक केबलींत नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. मागे दोन व्हीजीए सॉकेट असतील, तर एक बोर्डाचं आणि दुसरं वेगळ्या डिस्प्ले कार्डाचं. कार्ड बसवलेलं असताना केबल बोर्डाच्या सॉकेटला लावली तर बहुतेक वेळा स्क्रीन काळीच राहते.

रॅम आणि खोडरबर

कोकणात राहणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. पंखे फिरतात, स्क्रीन काळी आणि लांब बीप, हे लक्षण पावसाळ्यानंतर आलं तर मी आधी रॅम, म्हणजे कम्प्युटरची कामापुरती मेमरी, काढतो. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोनेरी संपर्क असतात. ते बोर्डावरच्या खाचेतल्या धातूच्या बारीक पात्यांना नुसते टेकलेले असतात. दमट हवा आणि धूळ यांचा पातळ थर मध्ये बसला की एखाद-दुसरा संपर्क सुटतो. रॅम वाचता आली नाही की बोर्ड स्क्रीनपर्यंत पोचतच नाही. म्हणून दोष रॅमचा आणि काळी दिसते स्क्रीन.

कॉर्ड भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, कारण कॉर्ड लागलेली असताना बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो. कॉर्ड काढल्यावर कम्प्युटरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेला चार्ज उतरेल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज तिथे जाऊ द्या. मग रॅमच्या दोन्ही टोकांचे पांढरे खटके बाहेर दाबा, पट्टी आपोआप वर येते.

शाळेतलं साधं पांढरं खोडरबर घ्या. सोनेरी संपर्कांवर दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासा. रबराचा चुरा मऊ ब्रशने पूर्ण झटका, तो खाचेत गेला तर नवीनच दुखणं सुरू होतं. पॉलिश पेपर अजिबात नको, सोन्याचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पट्टी कायमची जाते. खाचेत ब्रश फिरवा. पट्टीवरची खाच आणि सॉकेटमधला उंचवटा जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. दोन्ही खटके ‘टक्’ आवाज करून बसले पाहिजेत. लोक इथे घाबरून हलका दाब देतात, पट्टी अर्धी बसते आणि रॅमच गेली असं वाटतं.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. एकीवर चालतो आणि दुसरीवर नाही, म्हणजे दोषी कोण ते कळलं. नवीन घ्यायची वेळ आली तर जुनी पट्टी सोबत न्या. डीडीआर, डीडीआर-टू आणि डीडीआर-थ्री या तिघांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

बीप वेगळ्या असतील, म्हणजे एक लांब आणि दोन आखूड, तर बऱ्याच बोर्डांवर तो डिस्प्ले कार्डाचा इशारा असतो. त्या कार्डालाही हेच खोडरबर चालतं.

छोटी बॅटरी

या मशीनमधला सगळ्यात स्वस्त भाग हाच, आणि सगळ्यात जास्त लोकांना फसवतो तोही हाच. बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. नंबर सीआर २०३२: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, ३ व्होल्ट. घड्याळाच्या दुकानातही मिळते.

कम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ आणि बायॉसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रामची) सेटिंग जपून ठेवायचं काम तिचं. ती जिथे साठतात ती मेमरी म्हणजे सीमॉस. मजा अशी की कॉर्ड भिंतीला लागून सॉकेट चालू असेल तर मघाशी सांगितलेला स्टँडबाय पुरवठाच घड्याळ चालवतो आणि बॅटरीवर भार येत नाही. पण आपल्याकडे दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची पद्धत. त्यात भारनियमनाची वर्षं होऊन गेली. रोज बारा-चौदा तास सगळा भार या नाण्यावर. म्हणून आपल्या दुकानांत ती ऑफिसांपेक्षा लवकर संपते, आणि दिवसभर ठीक चाललेला कम्प्युटर सकाळी मात्र ‘सीमॉस चेकसम एरर’ दाखवतो.

तारीख चुकली तर काय बिघडलं, दुरुस्त करू, असं म्हणून लोक रोज एफ-वन दाबतात. पण तारखेबरोबर सेटिंगही मूळपदावर जातात, आणि त्यातून जे घडतं त्याचा बॅटरीशी संबंध आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिलं म्हणजे डोंगल. प्रिंटर पोर्टची पद्धत (उदाहरणार्थ ईपीपी) बायॉसमध्ये ठरवलेली असते, आणि सॉफ्टवेअर पोर्टला ज्या आकड्याने ओळखतं तो पत्ता बहुधा ३७८. बॅटरी गेली की पद्धत बदलू शकते, काही बोर्डांवर पोर्टच बंद होतो. मग सॉफ्टवेअर लॉक शोधतं आणि ते सापडत नाही. एका दुकानदार काकांनी यापायी नवीन डोंगलची चौकशी केली, सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा टाकलं, चार दिवस कामं बाहेरून करून घेतली. मी गेलो, बॅटरी बदलली, पोर्ट ईपीपीवर आणला, ३७८ दिला. डोंगल सापडलं. त्या चार दिवसांत त्यांनी एका ताईंची पत्रिका परत केली होती, याची हळहळ त्यांना अजून आहे.

दुसरं म्हणजे निळ्या स्क्रीनचं चक्र. साटा (बारीक केबलीच्या) डिस्क असलेल्या थोड्या नंतरच्या बोर्डांवर डिस्क चालवण्याच्या दोन पद्धती असतात, आयडीई आणि एएचसीआय. एक्सपी बसवताना बहुतेकांनी आयडीई ठेवलेली असते, कारण एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हरच नाही. बॅटरी संपली, सेटिंग मूळपदावर गेली, आणि त्या बोर्डाचं मूळपद एएचसीआय असेल तर एक्सपीला स्वतःचीच डिस्क दिसत नाही. निळ्या स्क्रीनच्या आकड्याच्या शेवटी ‘७बी’ दिसतं. स्क्रीन फार लवकर निघून जाते, मोबाइलने व्हिडिओ काढून थांबवून बघा. ७बी असेल तर बायॉसमध्ये पुन्हा आयडीई करा. विंडोज जसंच्या तसं उघडतं.

बदलायचं असं: कॉर्ड काढा, बाजूची क्लिप नखाने दाबा, बॅटरी उसळते. नवीन बसवताना अधिकची खूण असलेली बाजू वर. जवळ मल्टीमीटर असेल तर जुनी मोजून बघा. नवीन बॅटरी ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवते, २.७ च्या खाली गेलेली मी ठेवत नाही. मग चालू करताना डिलीट दाबून बायॉसमध्ये जा. काही ब्रँडेड मशीनवर ते एफ-टू किंवा एफ-टेन असतं. तारीख, डिस्कची पद्धत, प्रिंटर पोर्ट आणि बूटचा क्रम (मशीनने आधी कुठल्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचं तो) नीट करा. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. पुढच्या वेळी अर्ध्या दिवसाचं काम पाच मिनिटांत होईल.

नवीन बॅटरी टाकूनही आठवड्यात तारीख मागे गेली तर बॅटरीचा सॉकेट किंवा बोर्ड खराब आहे. तिसरी बॅटरी आणू नका.

डोंगलवरून आणखी एक. नव्या कम्प्युटरला यूएसबीवरून प्रिंटर पोर्ट देणारी केबल मिळते. ती प्रिंटरसाठी असते. जुनं डोंगल थेट ३७८ या पत्त्यावर बोलायला जातं आणि त्या केबलीत तसा पत्ताच नसतो. तिच्यावर पैसे घालवू नका.

कमीत कमी जोडणी

अजून स्क्रीन काळी असेल तर सीडी ड्राइव्ह, फ्लॉपी, हार्ड डिस्क, मोडेम कार्ड, सगळ्याच्या केबल काढा. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि मॉनिटर एवढंच ठेवा. स्क्रीन आली तर काढलेल्यांपैकी कोणीतरी सगळ्यांना ओढतोय. एकेक परत लावत जा. मला बहुतेक वेळा सीडी ड्राइव्ह सापडला आहे.

प्रोसेसरचा पंखा काढायचा मोह इथे होतो. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडत नसेल तर हात लावू नका. पेंटियम फोरच्या जुन्या सॉकेटमध्ये वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर हीटसिंकला (पंख्याखालच्या, उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि पिना वाकतात. धूळ मात्र मऊ ब्रशने काढाच.

हार्ड डिस्क

‘डिस्क बूट फेल्युअर’ दिसलं तर आधी केबल. जुन्या आयडीई डिस्कची केबल रुंद पट्टीसारखी असते, ती दोन्ही टोकांना घट्ट बसवा. एकाच पट्टीवर दोन ड्राइव्ह असतील तर एकाचा जंपर (ड्राइव्हच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टर आणि दुसऱ्याचा स्लेव्ह हवा. सीडी ड्राइव्ह बदलल्यावर हा घोळ नेहमी होतो.

मग कान द्या. डिस्कमधून ठराविक अंतराने टक… टक… आवाज येत असेल तर तिथल्या तिथे बंद करा. पुन्हा एकदा लावून बघू, असं करू नका. आतलं हेड जागा शोधताना अडखळतंय, आणि प्रत्येक प्रयत्नात तबकडी खरवडली जाण्याचा धोका आहे. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आत दव धरतं.

आवाज नसेल आणि डिस्क चालत असेल, तर मशीन सुरू झालं त्याच दिवशी कॉपी काढा. पत्रिकेचं काम उद्या केलं तरी चालेल. डिस्क काढून यूएसबी कन्व्हर्टरने नव्या कम्प्युटरला लावा आणि सगळं उतरवा. नुसत्या पेजमेकरच्या फायली घेऊन भागत नाही. आपले जुने मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीचे, नव्हते. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीच्या आकृत्या बसवलेल्या होत्या. तो फॉन्ट नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि खुणांचा काला दिसतो. म्हणून विंडोजमधला फॉन्ट्सचा फोल्डर पूर्ण घ्या, सॉफ्टवेअरचा फोल्डरही घ्या. मशीन चालू असेपर्यंत महत्त्वाच्या कामांच्या पीडीएफ करून ठेवा. फॉन्ट एम्बेड केलेली (फायलीतच भरलेली) पीडीएफ कुठल्याही कम्प्युटरवर मराठीतच दिसते. मी रोज संध्याकाळी दहा फायली करायचो, दोन पावसाळे लागले.

कॉपीसाठी जुन्या मशीनला इंटरनेट जोडू नका. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीचा ठेवा, एक्सपी तो विनातक्रार वाचतं.

इथे थांबा

टॉर्च घेऊन बोर्डावरचे उभे, नळकांड्यासारखे कपॅसिटर बघा. डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा तपकिरी रस आला असेल तर निदान झालं. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर हा दोष फार आढळतो. तो बदलायला चांगला सोल्डरिंगवाला लागतो. टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्त करणारे जुने कारागीर हे काम उत्तम करतात.

एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज असते आणि कॉर्ड काढल्यावरही काही काळ टिकते. जळका वास, फट् आवाज, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या, यातलं काहीही असेल तर मशीन लावायचंच नाही. झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून दुकानाचं अर्थिंग तपासून घ्या. जुना काचेचा मोठा मॉनिटरही कधी उघडू नका, त्यात हजारो व्होल्ट असतात. एसएमपीएस दुरुस्त करण्यापेक्षा चांगला नवीन बसवलेला बरा, फक्त जुन्या बोर्डाच्या २० पिनी सॉकेटला तो चालेल ना ते विचारा.

टक-टक करणारी डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या. ओळखीच्या मुलाला ‘जरा उघडून बघ’ म्हणू नका. धुळीचा एक कण आत गेला तरी पुढच्याचं काम अवघड होतं.

आणि पुराचं मशीन. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा गाळाने भरलेली कॅबिनेटं लोकांनी उन्हात वाळवली आणि ‘चालतोय का बघू’ म्हणून लावली. वरून सुकलेल्या डिस्कच्या सर्किटवर गाळ आणि ओल तशीच होती. पाण्यात गेलेल्या मशीनला वीज द्यायची नाही, एकदाही नाही. डिस्क स्वतः धुवायची नाही, ड्रायर मारायचा नाही. जशी आहे तशी नीट गुंडाळून लवकरात लवकर रिकव्हरीवाल्याकडे पोचवायची.

कारागिराकडे मशीन नेताना काय काय करून झालं ते कागदावर लिहून द्या: बॅटरी कधी बदलली, कुठल्या बीप ऐकल्या, कुठली रॅम चालली. वर मोठ्या अक्षरांत ‘फॉरमॅट करू नये’ असं लिहून कॅबिनेटला चिकटवा. डोंगल मात्र काढून घरी ठेवा, ते हरवलं तर दुसरं मिळत नाही.